घरच्या लोहारकामासाठी परवडणारी ऐरण: विकत घ्यावी की भंगारातून उभी करावी?

नवी भट्टी (प्रश्न)

घरामागच्या मोकळ्या जागेत मी विटांची छोटी भट्टी बांधली आहे. हवेसाठी पंखा बसवला आहे, १ किलोचा हातोडा आणि दोन सांडशा हाताशी आहेत. घोडे अडले आहे ते ऐरणीपाशी. आतापर्यंत एका जाड लोखंडी पट्टीवर भागवले, पण प्रत्येक घावासरशी ती पट्टीच उडते, खालची फळी दबत जाते आणि १२ मिलिमीटरच्या सळईला टोक काढायचे म्हटले तरी चार-पाच वेळा तापवावे लागते. मला मोठी कामे करायची नाहीत. आकडे, बिजागऱ्या, छिन्नी आणि पुढेमागे एखादी सुरी, एवढीच सध्याची हौस आहे.

शिंगाची, चौकोनी भोकाची नवी पोलादी ऐरण माझ्या आवाक्याबाहेर आहे. त्यामुळे तीन गोष्टी नजरेसमोर आहेत. पहिली म्हणजे छानशा निळ्या रंगाची, सुमारे १० किलोची, दिसायला हुबेहूब ऐरण. विक्रेता ती कशाची आहे हे स्पष्ट सांगत नाही, केवळ ‘मजबूत’ म्हणतो. दुसरी म्हणजे एका परिचित ठेकेदाराकडे असलेला रुळाचा ४० सेंटिमीटर लांबीचा तुकडा. तो मी तोलून पाहिला, २१ किलो भरला. तिसरी म्हणजे यंत्रशाळेत उरलेला १०० मिलिमीटर व्यासाच्या गोल दांड्याचा ३० सेंटिमीटरचा तुकडा, जो बहुधा माइल्ड स्टीलचा, म्हणजे कमी कार्बनच्या मऊ पोलादाचा, आहे.

यांपैकी काय घ्यावे? रूळ घेतल्यास त्याला ग्राइंडरने ऐरणीचा आकार द्यावा का? आणि मऊ पोलादाचा पृष्ठभाग टणक करण्यासाठी त्याला घरच्या घरी पाणी देता येईल का, म्हणजे तापवून एकदम पाण्यात बुडवता येईल का?

कानस

निळ्या ऐरणीचा अनुभव मी घेतला आहे, म्हणून तेवढ्यापुरतेच लिहितो. माझी रंगवलेली ऐरण कानशीने घासून पाहिली तेव्हा पावडरीसारखा काळा भुगा पडला आणि बोटे काजळली. पोलाद असते तर चकचकीत कीस निघाला असता. ती साधी बिडाची निघाली. बिडात कार्बन साधारण २ ते ४ टक्के असतो आणि त्यातला बराचसा ग्राफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात पसरलेला असल्यामुळे ते दाब चांगला सोसते, पण ठोका सोसत नाही. तिसऱ्या आठवड्यात तिची एक कड टवका उडून गेली, आणि तो टवका माझ्या डोळ्यावर नव्हे तर चष्म्यावर बसला, हे माझे नशीब. आकारावर भाळू नका. रंगाखाली काय आहे ते सांगायला जो विक्रेता तयार नसतो, त्याच्या वस्तूला तळाशी कानस लावून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

जुना भाता

ऐरण म्हटली की सर्वांच्या डोळ्यांपुढे एका बाजूला शिंग आणि दुसऱ्या बाजूला शेपटी असलेली आकृती येते, आणि त्या आकृतीच्या मागे लागूनच नवशिके फसतात. ऐरणीचे मूळ काम एकच आहे: घाव बसताना तापलेल्या लोखंडाखालून न हलणे. जपानमध्ये तलवारी घडवणारे लोहार पिढ्यान्‌पिढ्या शिंग नसलेल्या चौकोनी ठोकळ्यावर काम करत आले आहेत, आणि त्यांच्या कामात काही उणे राहिल्याचे कोणी म्हणत नाही.

आता वजनाचा हिशेब पाहा. तापलेले लोखंड मऊ असते, त्यामुळे हातोडा त्यावरून फारसा उसळत नाही. अशा टकरीत हातोड्याच्या ऊर्जेचा जो वाटा ऐरणीला हलवण्यात वाया जातो तो ढोबळमानाने हातोड्याचे वजन भागिले हातोडा आणि ऐरण यांचे एकत्र वजन, इतका असतो. तुमच्या १ किलोच्या हातोड्याखाली ५ किलोची पट्टी असेल तर सहावा हिस्सा, म्हणजे सुमारे १७ टक्के, वाया गेला. २० किलोचा ठोकळा असेल तर वाया जाणारा भाग ५ टक्क्यांच्या आत येतो, आणि ५० किलोची ऐरण आणली तर तो २ टक्के होतो. म्हणजे ५ वरून २० किलोवर जाण्यात मोठा लाभ आहे, २० वरून ५० वर जाण्यात त्या मानाने फारच थोडा. हातोड्याच्या पन्नासपट ऐरण हवी, असे सांगितले जाते. ते जड कामाला आणि ऐरण जागची हलू नये म्हणून सोयीचे आहे, पण सुरुवातीला तेवढ्यासाठी अडून राहण्याचे कारण नाही.

मात्र या हिशेबात एक अट दडलेली आहे, आणि रुळाच्या बाबतीत नेमकी तीच विसरली जाते. वजन घावाच्या थेट खाली असले तरच ते मोजायचे. तुमच्या तुकड्याची लांबी आणि वजन पाहता तो मीटरला ५२ किलोचा रूळ आहे. त्याच्या डोक्याची रुंदी ६७ मिलिमीटर असली तरी मधला पडदा, म्हणजे डोके आणि तळ यांना जोडणारी उभी पट्टी, जेमतेम १५.५ मिलिमीटर जाड असतो. असा रूळ आडवा ठेवून त्यावर ठोकले की डोके त्या पातळ पडद्यावर पट्ट्यासारखे लवते, दोन्ही टोके घंटेसारखी थरथरतात, आणि २१ किलोंपैकी कामाला येतात ते घावाखालचे थोडेच. तोच तुकडा उभा करा. आता ४० सेंटिमीटर उंचीचे सगळे पोलाद घावाखाली आले. वरचा कामाचा भाग लहान दिसेल, परंतु हातोड्याचे तोंड तरी केवढे असते? एका घावाला त्याहून मोठी जागा लागतच नाही.

म्हणून रुळाला ग्राइंडरने शिंग आणि कंबर कोरण्याचा खटाटोप करू नका. त्यात दोन दिवस, डझनभर चकत्या आणि चार-पाच किलो पोलाद जाते, आणि जाते ते नेमके हवे असलेले वजन. उभ्या रुळाचे वरचे टोक सपाट करून घ्या, डोक्याच्या कडा ३ ते ५ मिलिमीटर गोल करा, कारण धारदार कडेवर वाकवलेल्या सळईच्या आतल्या कोपऱ्यात चीर धरते. पडद्याची उघडी पट्टी अर्धगोल केलीत तर सळई झपाट्याने लांबवण्यासाठी तिचा उत्तम उपयोग होतो. हे काम सपाट तोंडावर जितक्या वेळा तापवून होते त्याच्या निम्म्यात इथे होते. तळाच्या पसरट पट्टीच्या कडेवर पत्रा काटकोनात वळवता येतो. एकाच टोकावर तीन हत्यारे मिळतात, आणि तीही न घडवता.

गोल दांडाही वाईट नाही. १०० मिलिमीटर व्यास आणि ३० सेंटिमीटर लांबी म्हणजे सुमारे साडेअठरा किलो, आणि उभा केला की सगळे वजन घावाखाली. माइल्ड स्टील मऊ असते हे खरे, पण लालभडक लोखंड त्याहून कितीतरी मऊ असते. दांड्यावर खड्डे पडतील ते गार लोखंड ठोकल्याने किंवा हातोड्याचा नेम चुकल्याने, आणि ते कानशीने काढता येतात.

पाणी देण्याचा विचार मात्र सोडून द्या. माइल्ड स्टीलमध्ये कार्बन इतका कमी असतो की पाण्यात बुडवूनही ते म्हणावे तसे टणक होत नाही. रुळाच्या पोलादात तो साधारण ०.६ ते ०.८ टक्के असतो, म्हणून ते टणक होऊ शकते. पण २१ किलोचा तापलेला ठोकळा बादलीत सोडला की त्याच्याभोवती वाफेचे वेष्टण तयार होते, आतली उष्णता बाहेर येत राहते, आणि पृष्ठभाग हवा तितक्या वेगाने थंड होत नाही. मोठ्या ऐरणींना पाणी देताना वेगाने वाहणाऱ्या पाण्याचा लोंढा तोंडावर सोडावा लागतो, तो याचसाठी. घरी हे करताना तडा जाण्याची आणि भाजण्याची शक्यता यशापेक्षा जास्त आहे.

तांबडी धग

वरील प्रतिसादाशी मी बहुतांशी सहमत आहे, परंतु पृष्ठभागाच्या टणकपणाकडे इतके दुर्लक्ष करू नये असे वाटते. सळई पातळ होत जाते, तिचा लाल रंग उतरत जातो, तसा घावाचा अधिकाधिक भाग ऐरणीपर्यंत पोहोचतो. अशा वेळी टणक तोंड हातोड्याला वर उचलून देते आणि दिवसाच्या अखेरीस खांद्याला फरक जाणवतो. सुरीचे पाते सरळ करण्यासारख्या कामात तर मऊ तोंडावरचा प्रत्येक खड्डा पात्यावर उमटतो.

याची परीक्षा सोपी आहे. २० ते २५ मिलिमीटरची बेअरिंगची पोलादी गोळी घ्या, ऐरणीमागे पट्टी उभी धरून २५ सेंटिमीटरवरून ती सोडा आणि किती वर येते ते पाहा. चांगल्या पोलादी ऐरणीवर ती तीन-चतुर्थांश उंचीपर्यंत किंवा त्याहूनही वर येते. मऊ पोलादावर बरीच कमी येते, आणि बिडावर ती कशीबशी उडी मारून गप्प बसते. एका जागी घेतलेल्या मापावर विसंबू नका. गोळी सगळ्या तोंडावर फिरवून पाहा, कारण जिथे आत भेग किंवा पोकळी असते तिथे उसळी अचानक पडते. रंगाचा जाड थर असेल तर तो खरवडल्याशिवाय ही परीक्षा फसवी ठरते.

टणक तोंड स्वस्तात हवे असेल तर आणखी एक वस्तू सुचवतो: मोडक्या दांड्याचा ६ ते ८ किलोचा घण. त्याचे तोंड कारखान्यातच पाणी दिलेले असते. ओंडक्यात खाच करून तो उभा, निम्मा आत बसवला की सुरीसारख्या लहान कामाला पुरेशी ऐरण तयार होते. वजन कमी आहे, म्हणून हातोडाही हलका वापरावा. त्याच्या तोंडावर गार पोलाद किंवा दुसऱ्या हातोड्याचा सरळ घाव कधीही घालू नका, कारण टणक पोलादावर टणक पोलाद आदळले की कडेचा तुकडा गोळीसारखा सुटतो. खडक फोडणाऱ्या यंत्राची झिजलेली छिन्नी मिळाली तर ती याहूनही सरस. ती जाड, लांब आणि चिवट मिश्रपोलादाची असते. मालवाहू उचलयंत्राच्या (फोर्कलिफ्टच्या) काट्याचा कापलेला तुकडाही उभा करून छान चालतो. त्याच यंत्राच्या मागे बसवलेले भले थोरले वजन मात्र बहुधा बिडाचे असते, त्याच्या मोहात पडू नये. तेलाच्या दाबावर चालणारे बंद सिलिंडर मिळाले तर ते कापू नका; आत अडकलेले तेल आणि दाब जीवावर बेततात.

आणि रुळाबद्दल एक: तुमच्या परिचिताकडे तो कुठून आला हे विचारून, शक्य तर पावती पाहूनच घ्या. मार्गाशेजारी पडलेला तुकडा बेवारस दिसला तरी तो रेल्वेचाच असतो.

नवी भट्टी

सर्वांचे आभार. निळ्या ऐरणीच्या बुडाला कानस लावू द्याल का असे विचारले, तेव्हा विक्रेत्याने विषय बदलला, म्हणून ती बाद केली. रुळाची पावती ठेकेदाराने दाखवली. बेअरिंगची गोळी घेऊन रूळ आणि दांडा दोन्ही तपासले: २५ सेंटिमीटरवरून सोडलेली गोळी उभ्या रुळाच्या डोक्यावर १६ सेंटिमीटरपर्यंत आली, दांड्यावर ११ सेंटिमीटर. रूळ आडवा ठेवल्यावर मात्र टोकाकडे ती ९ सेंटिमीटरच आली आणि सगळा तुकडा किणकिणला. वर लिहिलेले पडद्याचे म्हणणे कानांनीच पटवले. तेव्हा रूळ उभाच करायचा हे ठरले.

आता अडचण अशी की ४० सेंटिमीटर उंचीची ही अरुंद वस्तू स्थिर कशी ठेवावी? तळाला जाड पत्रा वेल्डिंगने जोडावा असा विचार आहे. तसेच शिंगाशिवाय आकड्यांना गोलाई कशी द्यावी?

जुना भाता

वेल्डिंग टाळा. ज्या कार्बनमुळे रूळ टणक होतो त्याच कार्बनमुळे त्याचे वेल्डिंग ठिसूळ होते. वेल्डिंगलगतचा भाग भोवतीच्या गार पोलादामुळे झपाट्याने थंड होतो आणि काचेसारखा कडक बनतो; रूळ आधी नीट तापवून घेतला नाही आणि नंतर सावकाश निवू दिला नाही, तर काही दिवसांच्या ठोकाठोकीत जोड सुटतो. लाकडाने आवळणे अधिक खात्रीचे आहे.

जाड फळ्यांची एक चौकोनी पेटी करा, तळ मजबूत ठेवा, तळावर जाड लोखंडी पत्रा टाका आणि रूळ त्यावर मधोमध उभा करा. पत्रा नसेल तर रुळाची कड फळीत रुतत जाते आणि दर आठवड्याला ऐरण खाली गेल्यासारखी वाटते. मग भोवती कोरडी, चाळलेली वाळू थोडी थोडी घालत ठासून भरा. पेटीच्या बाहेरून वर-खाली दोन लोखंडी पट्टे बोल्टने आवळा. वाळू रुळाला चारही बाजूंनी धरून ठेवते, आवाज गिळते, आणि उंची बदलायची झाल्यास रूळ उपसून खाली चार बोटे वाळू घातली की काम झाले. सिमेंट काँक्रीटमध्ये गाडण्याची कल्पना मोहक असते, पण हादऱ्यांनी ते रुळाभोवती फुटत जाते आणि उंची चुकली तर सुधारता येत नाही.

उंचीबाबत घाई करू नका, कारण कंबर आणि मनगट त्याचीच किंमत मोजतात. पायात कामाचे बूट घालून ताठ उभे राहा, हात सैल सोडा आणि मूठ वळा. मुठीची पेरे जिथे येतील तिथे ऐरणीचे तोंड असावे. घावानंतर सळईवर हातोड्याच्या अर्ध्याच कडेची चंद्रकोर उमटत असेल तर उंची चुकली आहे. कोर तुमच्या बाजूला असेल तर ऐरण उंच आहे, पलीकडे असेल तर ठेंगणी.

गोलाईसाठी शिंग सोयीचे असते, अत्यावश्यक नसते. आकड्याचे टोक ऐरणीच्या गोल केलेल्या कडेबाहेर थोडे काढून हलके ठोकत, सळई पुढे सरकवत गेलात की ते आपोआप वळत जाते. नंतर उलटे करून स्वतःकडे ठोकले की वेटोळे मिटते. नेमका घेर हवा असेल तर त्या जाडीचा नळ किंवा गोल दांडा व्हाइसमध्ये पकडा. जस्ताचा मुलामा असलेला नळ घेऊ नका. जस्त ९०७ अंश सेल्सिअसला उकळते, तापलेली सळई त्याहून गरम असते, आणि त्याच्या धुरामुळे ताप भरतो. ऐरणीच्या चौकोनी भोकात बसवायची तोडणी वेगळ्या ओंडक्यात ठोकून बसवली तरी तितकीच चालते. खरे तर बरीही, कारण ती काढायला विसरून तिच्यावर हात आपटण्याचा धोका राहत नाही.

कानस

पुढेमागे जुनी ऐरण विकायला आलेली दिसली तर उपयोगी पडेल म्हणून थोडे विषयाला लागूनच. जुन्या इंग्रजी ऐरणींच्या कुशीवर अनेकदा तीन आकडे कोरलेले असतात आणि लोक ते वर्ष किंवा क्रमांक समजतात. ते वजन असते. पहिला आकडा ११२ पौंडांच्या हंड्रेडवेटचा, दुसरा त्याच्या चौथाईचा, म्हणजे २८ पौंडांचा, आणि तिसरा सुट्या पौंडांचा. १-२-१० असे असेल तर ११२ अधिक ५६ अधिक १० मिळून १७८ पौंड, म्हणजे जवळपास ८१ किलो. विक्रेत्याने वाटेल ते वजन सांगितले तरी तुम्हाला जागेवर पडताळता येते.

अशा बऱ्याच ऐरणींचे अंग मऊ घडीव लोखंडाचे आणि तोंडावर टणक पोलादाचा पातळ थर जोडलेला असतो. म्हणून खड्डे दिसले की ती यंत्रावर घासून आरशासारखी करून घेण्याची हौस आवरावी. त्या हौसेत हा थरच निघून जातो आणि उरते ते मऊ लोखंड. कडेचे टवके गोल करा आणि मधल्या उथळ खड्ड्यांसह वापरा. तोंडात किंचित बाक असला तरी बिघडत नाही, उलट वाकडी सळई सरळ करायला तो उपयोगी पडतो, कारण सपाट पृष्ठभागावर ठोकलेली सळई सरळ होण्याइतपत पलीकडे वाकतच नाही.

नवी भट्टी

पेटी तयार झाली, रूळ बसला. पहिल्याच दिवशी १२ मिलिमीटरच्या सळईचे टोक दोनदा तापवून निघाले आणि पडद्याची अर्धगोल पट्टी तर माझी सर्वांत लाडकी जागा झाली आहे. उंची मात्र पहिल्यांदा चुकली. चंद्रकोर माझ्या बाजूला येत होती, म्हणून दोन बोटे वाळू काढली. एकच कुरकुर शिल्लक आहे. वाळू असूनही वरचा उघडा भाग तीक्ष्ण वाजतो, आणि शेजारच्या घरात तान्हे बाळ आहे.

तांबडी धग

वाळूबाहेर रूळ बराच राहिला असेल तर तो कमी करा. कामाला वितभर उघडा भाग पुरतो, त्यासाठी पेटीच्या फळ्या उंच करता येतील. ध्वनिक्षेपकातले जुने चुंबक पडद्याच्या उघड्या भागाला चिकटवून पाहा, किंवा जाड साखळीचे दोन वेढे घट्ट आवळा. दोन्हींमुळे कंप लवकर विरतो, घावाच्या ताकदीत फरक पडत नाही. गार होत आलेल्या सळईवर ठोकणे बंद केले तरी अर्धा आवाज कमी होईल, कारण ऐरण सर्वांत जास्त किंचाळते ती तेव्हाच. आणि बाळाचे कान सांभाळताना स्वतःचेही सांभाळा. ८५ डेसिबलच्या वरचा आवाज रोज तासन्‌तास ऐकला तर श्रवणशक्ती कायमची कमी होऊ शकते आणि ठोकाठोकीचा आवाज ती पातळी सहज ओलांडतो; कानात बोळे घातल्याशिवाय हातोडा उचलू नका.

नवी भट्टी

साखळीचे दोन वेढे दिले आणि फळ्या एका वितीने वाढवल्या. आता किणकिण जाऊन ठक्क असा बसका आवाज येतो. दुपारी बाळाच्या झोपेच्या वेळी भट्टी बंद ठेवतो.